पिकअपच्या स्टिअरिंगचं तेल गळतंय: पंप बदलू, रॅक बदलू की बाटली ओतू?

प्रश्न: देवगड तालुक्यातून विचारतोय. माझी पिकअप सात वर्षांची आहे, स्टिअरिंग हायड्रॉलिक पॉवरचं. पाऊस सरला की मासळी आणि पुढे आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला जातो. हल्ली तीन-चार दिवसांत स्टिअरिंगच्या डबीतलं तेल मॅक्सवरून मिनच्या खाली उतरतं. सकाळी पहिला कट मारला (स्टिअरिंग वळवलं) की घुंई आवाज येतो. एक मेस्त्री म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो रॅक काढा, तिसऱ्याने लीकेज बंद करणारी बाटली ओतायला सांगितली. आंबा पंधरा दिवसांवर आलाय. गाडी घाटात चालवू का, आणि नक्की बदलू काय?

उत्तर:

तिघांपैकी कोणाचंही ऐकून आज पैसे घालू नका. काय बदलायचं ते तिघांनीही सांगितलं, पण तेल नेमकं कुठून येतंय ते एकानेही सांगितलेलं नाही. ते जोवर कोणी बोट ठेवून दाखवत नाही, तोवर पंप (तेलाला दाब देणारा) आणि रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा आडवा भाग) या दोन्ही गोष्टी अंदाजाच्या आहेत, आणि हा अंदाज हजारांत जातो. गळती क्लिपची निघाली तर तेच काम शेकड्यात होतं.

आधी घाटाचं सांगतो, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही. तीन-चार दिवसांत मॅक्सवरून मिनच्या खाली, हे पाझरणं नव्हे, ही वाहती गळती आहे. गळती सापडेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. पंपाला तेल कमी पडलं म्हणून स्टिअरिंग जाम होत नाही, चाकं हाताच्या जोरावर वळतातच. पण माल भरलेल्या पिकअपला फोंड्याच्या वळणावर अचानक जो जोर लावावा लागतो, तो त्या क्षणी लागेलच असं नाही. दुसरं, तेल पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावर (बेल्टवर) उडत असेल तर पट्टा घसरतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. एकाच पट्ट्यावर सगळं फिरत असेल तर पट्टा गेला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड होतात, आणि हे उतारावर झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. तिसरं, तेलाची बारीक फवार तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर पडत असेल तर धूर निघतो, कधी पेटही घेते. बॉनेट उघडल्यावर जळक्या तेलाचा वास किंवा निळसर धूर दिसला तर गाडी आहे तिथेच उभी करा, घाट राहू दे, गॅरेजपर्यंतसुद्धा ओढून न्या. या दोन-चार दिवसांचं भाडं दुसऱ्या गाडीवर द्या.

आता हे तेल स्टिअरिंगचंच आहे ना, ते बघा. रात्री पुढच्या भागाखाली पुठ्ठा अंथरा आणि पुठ्ठ्यावर चाकं कुठे येतात त्याची खूण करा. सकाळी डाग बघा. पातळ, लालसर आणि बोटाला गुळगुळीत असेल तर स्टिअरिंगचं, कारण बहुतेक गाड्यांत इथे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) जातीचं लाल तेल असतं. जुनं झालं की ते तपकिरी दिसतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. इंजिन ऑइल काळं आणि जाड असतं. गिअर ऑइल चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल जवळजवळ पाण्यासारखं पातळ असतं, चाकाच्या आतल्या बाजूला सापडतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. ते सापडलं तर हा सगळा विषय बाजूला ठेवून आधी ब्रेक करून घ्या.

डबीत काय ओतताय तेही तपासा. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात तेलाचा प्रकार लिहिलेला असतो, तोच वापरायचा. काही गाड्यांना हिरवं तेल लागतं, त्यात लाल मिसळायचं नाही. आणि ब्रेक ऑइल तर थेंबभरही नको. घाटात अडकल्यावर कोणीतरी गाडीतली ब्रेक ऑइलची बाटली डबीत रिकामी करतो, असं आपल्याकडे होतं. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, स्टिअरिंगमधले रबरी सील त्याने फुगतात आणि नरम पडतात. मग एका गळतीच्या चार होतात. असं कधी झालं असेल तर मेस्त्रीपासून लपवू नका, सगळी लाइन धुवावी लागेल.

गळती समजायची तर या यंत्रणेतली एक गोष्ट ध्यानात असू द्या. डबीतून तेल पंपाकडे येतं ते नुसतं उतरून येतं, तिथे दाब नसतो. पंपातून रॅककडे जाणाऱ्या होजपाइपमध्ये दाब असतो, आणि तो स्टिअरिंग पूर्ण कट मारून (टोकापर्यंत वळवून) धरलं की ८० ते १०० बारच्या आसपास चढतो. तुमच्या मागच्या टायरात हवा चार-पाच बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. रॅकमधून डबीकडे परत येणाऱ्या पाइपमध्ये पुन्हा दाब नसल्यासारखाच. म्हणून उभ्या गाडीखाली डाग पडत असेल तर संशय डबीवर आणि कमी दाबाच्या पाइपांवर. डाग पडत नाही पण चालवल्यावर तेल कमी होतं, तर संशय दाबाच्या पाइपवर, पंपाच्या सीलवर किंवा रॅकवर. तुमच्या अंगणात सकाळी डाग असतो की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो बघा, त्यातच निम्मं उत्तर आहे.

शोधण्याचं काम धुण्यापासून सुरू होतं, आणि बहुतेक मेस्त्री नेमकं हेच टाळतात. सात वर्षांची माती, मासळीचं पाणी आणि तेल मिळून खाली जो थर बसलेला असतो, त्यात सगळंच ओलं दिसतं. इंजिन थंड असताना डबी, पंप, सगळे पाइप आणि रॅक डिझेलने किंवा डिग्रीझरने ब्रशने घासून काढा, मग पाणी मारून कंप्रेसरच्या हवेने कोरडं करा. अल्टरनेटरवर पाणी-डिझेल जाऊ देऊ नका, प्लास्टिकची पिशवी बांधा. पट्ट्याला डिझेल लागलं तर पुसून कोरडा करा. कोरड्या झालेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. मग गाडी चालू करून एकाला सीटवर बसवा आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, पंप तापतो. तुम्ही टॉर्च घेऊन बघत बसा. पावडरवर ओली रेघ उमटते ती जागा धरा. तेल खाली ओघळतं, फॅन चालू असताना मागेही उडतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच खरी. खालचा सगळा ओघळ म्हणजे तिचाच पसारा.

हे करताना बोटाने चाचपू नका. दाबाच्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर तिथून येणारी तेलाची धार डोळ्याला दिसत नाही आणि हाताच्या कातडीतून आत शिरू शकते. वरून नुसतं टोचल्यासारखं वाटतं, आत हात सडायला लागतो. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, तडक मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. पाइपवर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, धार पुठ्ठ्यावर दिसते. सैल शर्टाची बाही आणि गळ्यातला टॉवेल फॅन-पट्ट्यापासून लांब.

गाडीखाली जायचं तर जॅकवर भरवसा ठेवून जायचं नाही, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावायची. आपल्याकडे अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेलेच असतात आणि घोडीच्या जागी दोन चिरे एकावर एक ठेवून लोक गाडीखाली शिरतात. जांभा चाकाला उटी (आडसर) म्हणून ठीक आहे. गाडीचं वजन एका ठिकाणी आलं की तो पिठासारखा फुटतो, आणि पाऊस प्यालेला चिरा तर आधीच कमकुवत असतो. हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

आता काय काय सापडू शकतं ते. सुरुवात स्वस्तापासून.

डबी जास्त भरलेली असेल तर तापल्यावर तेल झाकणातून बाहेर येतं आणि सगळ्या बाजूने ओघळतं, ती गळती नव्हे. थंड गाडीत डबीवरच्या ‘कोल्ड’ खुणेपर्यंतच भरायचं. डबी प्लास्टिकची असेल तर तिच्या नळीच्या मुळाशी केसाएवढी चीर जाते, ती बघा. अशी चीर चिकटवून टिकत नाही, डबी बदला.

डबीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप सैल असेल तर एक वेगळाच प्रकार होतो. गाडी चालू असताना तिथून तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. डबीत फेस दिसतो, पंप घुंई करतो. गाडी बंद केली की तिथूनच थेंब थेंब पडतो. तुमचा सकाळचा आवाज तेल कमी झाल्यामुळे असेल, पण यामुळेही असू शकतो, आणि नेमक्या अशा गाड्यांना ‘पंप गेला’ म्हणून सांगितलं जातं. तेल पातळीवर आणून, क्लिप नवी लावून आवाज राहतो का ते आधी बघा. आवाजातही फरक आहे. पंपाचा आवाज कण्हल्यासारखा, इंजिनची रेस वाढली की वाढणारा. पट्टा ढिला असेल तर पूर्ण कटला कर्कश किंचाळल्यासारखं होतं. पट्टा ताणून किंवा बदलून जाणाऱ्या आवाजासाठी पंप काढू नका.

परत येणाऱ्या पाइपचं काम सोपं. रबर टोकाला कडक झालेलं असतं. लांबी पुरत असेल तर टोक बोटभर कापून पुन्हा बसवता येतं, नाहीतर पाइपच बदला. पाइप तेलाला टिकणाराच हवा. रेडिएटरचा पाण्याचा पाइप किंवा बागेचा पाइप लावला तर काही दिवसांत फुगून निसटतो. क्लिप पिळून पिळून रबरात रुतवू नका.

पाइप जिथे पोकळ बोल्टने पंपाला किंवा रॅकला बसतो तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. एकदा दाबले गेलेले वॉशर पुन्हा वापरले की गळतातच. बोल्ट आणखी आवळून ही गळती थांबवायला जाल तर ॲल्युमिनियमच्या पंपाचे आटे जातील. वॉशर दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, प्रत्येक वेळी नवे घाला.

दाबाच्या होजपाइपवर जरा थांबतो, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत माझा पहिला संशय तिथेच जातो. या पाइपचं रबर सहसा चांगलं असतं. गळतं ते रबर आणि लोखंडी नळी जिथे एकत्र दाबून बसवलेली असते त्या टोपीपाशी. टॉर्च धरून त्या टोपीची कड बघा. वरचा मुलामा उडून तांबूस फोड आलेला असतो, त्याच्या खालून तेल झिरपून धुळीची काळी ओली कडी तयार होते. पाइप हलवल्यावर टोपीशी रबर किंचित गोल फिरत असेल तर तो पाइप संपला, आज थेंब पडत नसला तरी. तसंच लोखंडी नळी चॅसिसला जिथे क्लॅम्पने धरलेली आहे, तिथे क्लॅम्पच्या आत ओल साचते आणि नळी आतल्या आत कुजते. क्लॅम्प उघडल्याशिवाय ते दिसत नाही.

या पाइपवर पट्टीची क्लिप लावणं, नळी कापून मध्ये रबराचा तुकडा घालणं, एम-सील थापणं, यातलं काहीही करू नका. इतक्या दाबाला ते टिकत नाही आणि सुटलं तर सगळं तेल एका क्षणात एक्झॉस्टवर जातं. कंपनीचा पाइप मागवा. तो यायला वेळ असेल तर जेसीबी-पोकलेनचे होज बनवून देणारी दुकानं रत्नागिरी, कुडाळ, कोल्हापूरकडे मिळतात. जुना पाइप नमुना म्हणून न्या, दोन्ही टोकांचे कोन तसेच ठेवायला सांगा आणि गरम तेलाला व दाबाला चालणारा होज मागा. बसवल्यावर तो एक्झॉस्टला, पट्ट्याला किंवा चाकाला पूर्ण कटात कुठेही घासत नाही ना, ते फिरवून बघा.

पंपाचं ओळखणं सोपं आहे. पुलीच्या मागचं सील गेलं की तेल पुलीबरोबर फिरून उडतं, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, आजूबाजूच्या भागांवर पुलीच्या रेषेतच तेलाची रेघ उमटते. पट्टा उतरवून पुली हाताने वरखाली हलवा. खेळ नसेल तर सील किट (नव्या सीलचा संच) घालून भागतं. खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, नुसतं सील दोन महिनेही धरणार नाही, पंपच घ्यावा लागेल. आणि पंप का गेला तेही बघा. बरेच पंप दुसरीकडच्या गळतीने तेल कमी पडून, कोरडे फिरून जातात. मूळ गळती तशीच ठेवून नवा पंप लावला तर तोही त्याच वाटेने जाईल.

राहिला रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी घडीचे बूट असतात. गाडी उभी असताना दोन्ही बूट खालून हाताने दाबा. आत काही डुचमळलं तर बुटाची आतल्या बाजूची क्लिप सैल करा आणि खाली डबा धरा. चमचाभर ग्रीस-तेल निघालं तर चिंता नाही. लाल-तपकिरी तेल धार लावून आलं तर आतलं सील गेलं. आणि गंजाचं तांबडं पाणी आलं तर पुढचं नीट वाचा, ते तेलापेक्षा वाईट आहे. बरेचदा दोन्ही बूट एका बारीक नळीने जोडलेले असतात, तेव्हा एका बाजूचं तेल दुसऱ्या बुटात सापडू शकतं. मधल्या भागात, स्टिअरिंगचा दांडा जिथे रॅकमध्ये उतरतो तिथलं सील गेलं तर तेल वरून ओघळतं, कधी पायाजवळच्या मॅटखालीही लागतं.

किनाऱ्यावरचा रॅक सहसा असा जातो. बुटाला आधी बारीक चीर पडते, कधी जांभ्याच्या खाणीच्या रस्त्यावर दगड उडून, कधी नुसत्या वयाने. पुढच्या पावसात त्या चिरेतून चिखल आणि पाणी आत जातं. मासळीची गाडी असेल तर हौद्यातून गळणारं बर्फाचं खारट पाणीही तिथे पोहोचतं. आतला दांडा आरशासारखा गुळगुळीत असायला हवा, कारण सील त्याच्यावरूनच सरकतं. खाऱ्या ओलीने त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि प्रत्येक कटाला ते खड्डे सीलची कड कानशीसारखे घासत जातात. सील गेलं हे खरं, पण ते दांड्यामुळे गेलं, आणि दांड्याचं कारण म्हणजे तो फाटका बूट.

म्हणून ‘रॅकला किट टाकून देतो’ म्हणणाऱ्याला एकच सांगा: रॅक उघडला की मला बोलवा, दांडा बघायचाय. पुसून कोरडा केलेल्या दांड्यावरून उजेडात नख फिरवा. जिथून सील सरकतं त्या भागात नख कुठेही अडकलं तर किट घालू नका. एमरी पेपर मारून चमकवलेला दांडा दिसायला छान दिसतो, पण खड्डा तळाशी राहतोच आणि माप कमी होतं ते वेगळं. असा रॅक पहिल्याच पावसात पुन्हा गळतो आणि मजुरी दुसऱ्यांदा जाते. मग नवा रॅक, नाहीतर दांडा बदलून, दाबावर तपासून दिलेला रॅक घ्या, आणि हमी कागदावर घ्या. दांडा साफ असेल तर मात्र किट उत्तम चालतं, उगाच नवा रॅक घेऊ नका. दोन्ही वेळी बूट नवे आणि क्लिपा नव्या. रॅक काढण्याआधी चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून ठेवा. एअरबॅगची गाडी असेल तर स्टिअरिंग मोकळं फिरल्याने आतली वायर तुटते. टायरॉड (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी) किती आटे आत होता ते मोजून ठेवा आणि शेवटी अलाइनमेंट करा, नाहीतर पुढचे टायर एका हंगामात जातील.

गाडीला रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असेल तर खालच्या आर्मच्या मुळाशी सील असतं. विचार तोच: शाफ्टवर खड्डे किंवा खेळ असेल तर नुसतं सील बसवून उपयोग नाही.

बाटलीचं. ती औषधं रबर थोडं फुगवून चालतात. रॅकचं सील किंचित पाझरत असेल तर काही आठवडे निभावतं, यापलीकडे नाही. फुटक्या होजला, क्लिपला, वॉशरला, खड्डे पडलेल्या दांड्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तुमच्या वेगाच्या गळतीला तर नाहीच. तुम्ही अजून ओतली नसेल तर ओतू नका.

काम कुठलंही झालं तरी हवा काढण्याची घाई करू नका. जुनं तेल काळं असेल किंवा पंप कोरडा फिरलेला असेल तर आधी परतीचा पाइप बाटलीत सोडून लाइन नव्या तेलाने धुवून घ्या. मग पुढची दोन्ही चाकं उचलून घोडीवर, इंजिन बंद, डबी भरून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवायचं. मध्ये मध्ये तेल खाली जाईल, भरत राहायचं, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा काही वेळा. इंजिन चालू ठेवूनच सुरुवात केली तर पंप हवा तेलात घुसळतो आणि दुधासारखा फेस होतो. तसं झालंच तर गाडी बंद करून तास-दोन तास राहू द्या, फेस आपोआप बसतो.

आता तुमच्या पंधरा दिवसांचं. आज-उद्या धुऊन शोधा. क्लिप, वॉशर, डबी किंवा होज निघालं तर एक-दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, आंबा बिनघोर न्या. पंपाचं सील निघालं तरी हंगामाआधी होतं. रॅक निघाला आणि गळती याच वेगाने असेल तर तो आत्ताच करा, आंब्याच्या पैशातून करू म्हणून थांबू नका. समजा मुख्य गळती होजची निघाली आणि रॅक फक्त ओलसर आहे, आठवड्याला डबीत फरक दिसत नाही, तर बूट साफ करून, फाटका असेल तर नवा घालून हंगाम काढता येईल. डबीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि रोज निघण्याआधी थंड गाडीत बघा. मग रॅक जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी नाही आणि आंबाही सरलेला. मेस्त्रीलाही तेव्हा दांडा नीट बघायला वेळ असतो.

आणि मासळीचं भाडं करताय तोवर ही कामं अंगवळणी पाडा. खेप उतरवली की हौदा आणि चॅसिस दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी. नुसता हौदा धुतला तर ते खारं पाणी खाली पाइपांवरच जातं. शक्य असेल तर हौद्याच्या पाण्याला नळी लावून ते पुढच्या चाकांपासून आणि पाइपांपासून लांब मागे सोडा. पावसाआधी होजच्या टोप्या, लोखंडी नळ्या, क्लॅम्प यांवर ग्रीस किंवा गंजरोधक मेणाचा हात द्या. गाडीला खालून जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला पसंत नाही. लोखंड वाचतं, पण बुश आणि बुटांच्या रबरावर ते बसलं की रबर फुगतं, आणि ज्या बुटासाठी एवढं सगळं केलं तोच फाटतो.

निघालेलं तेल पऱ्यात किंवा विहिरीच्या अंगाला ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, वापरलेलं ऑइल नेणारे तिथे येतात. धुतल्यावर सगळ्यात वरची ओली जागा कोणती निघाली आणि बूट दाबल्यावर तेल आलं की तांबडं पाणी, ते दोन ओळींत कळवा. त्यावरून किट की रॅक ते सांगतो.